भौतिकशास्त्राला जायचंय, अर्ज भरण्याआधी काय वाचू?

प्रश्न विचारणारी मुलगी नुकतीच बारावी विज्ञानात गेली आहे. तालुक्याच्या गावी राहते, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. तिला भौतिकशास्त्रातच पदवी करायची आहे. आयसर आणि नायसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेशपरीक्षा द्यायच्या आहेत, तिथे नाही जमलं तर पुण्यातल्या एखाद्या चांगल्या कॉलेजात बीएस्सी. इंटरनेटवरून तिने चौदा पुस्तकांची यादी काढली आहे. त्यात फाइनमन यांची व्याख्यानं आहेत, इरोडोव्ह यांचा गणितांचा संग्रह आहे, हॉकिंग आहेत आणि ग्रिफिथ्सचं क्वांटम मेकॅनिक्ससुद्धा आहे. ती विचारते, अर्ज भरेपर्यंत यातली कोणती वाचून झाली पाहिजेत? आणि वडील म्हणतात की आधी जेईईची पुस्तकं संपव, बाकी सगळं नंतर, तर त्यांना काय सांगू?

मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते आहे. प्रवेशाच्या मुलाखती घेणाऱ्या समितीतही बसले आहे. त्यामुळे आधी एक गोष्ट सांगून तुझ्या डोक्यावरचं ओझं कमी करते. अर्ज भरेपर्यंत चौदापैकी एकही पुस्तक वाचून झालेलं असण्याची सक्ती नाही. आयसरच्या परीक्षेत गेली काही वर्षं भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात आणि वेळ तीन तासांचा असतो. अभ्यासक्रम अकरावी-बारावीचाच. काय वाचलंस हे तिथे कुणी विचारत नाही. साध्या बीएस्सीचा प्रवेश तर बहुतेक ठिकाणी बारावीच्या गुणांवरच होतो.

मग वाचायचं कशासाठी? माझ्या मते तुझा खरा प्रश्न इथे आहे. हा विषय पुढची चार-पाच वर्षं रोज करायला मला आवडेल का, हे या वर्षात कसं कळेल? आणि तिथे पोचल्यावर पहिल्या सत्रात माझी भंबेरी उडू नये म्हणून आत्ता काय करता येईल? पुस्तकं निवडायची ती या दोन प्रश्नांसाठी.

यातलं बरंच तुझ्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती मला पूर्ण माहीत नाही. तुझं कलनशास्त्र (कॅल्क्युलस) कुठवर आलंय, क्लास आणि प्रवासात दिवसाचे किती तास जातात, इंग्रजी पान वाचायला किती वेळ लागतो, यावर उत्तर बदलेल. आठवड्यात चार-पाच तास मोकळे असतील असं धरून पुढचं लिहिते आहे. तेवढेही नसतील तर एच. सी. वर्मांबद्दल लिहिलेला भाग वाच आणि बाकीचं पुढच्या सुट्टीवर सोड.

पहिल्या वर्षाच्या वर्गात दरवर्षी मला दोन-चार मुलं अशी भेटतात, ज्यांनी कृष्णविवरं, महास्फोट, समांतर विश्वं यावर खूप वाचलेलं असतं. डोळ्यांत चमक असते, प्रश्नही सुरेख विचारतात. मग सप्टेंबरात उतारावरून घरंगळत येणारा भरीव दंडगोल आणि पोकळ दंडगोल यांत आधी खाली कोण पोचेल हे गणित येतं, आणि यातली काही मुलं कोमेजतात. त्यांना वाटतं, आपण ज्यासाठी आलो ते हे नाहीच. पण भौतिकशास्त्र हेच आहे. कृष्णविवरापर्यंत जाणारी वाट या दंडगोलावरूनच जाते. त्यातली गंमत ज्याला लागत नाही, त्याला पुढे काही वर्षं फार जड जातात. आणि हे बारावीत कळलं तर त्यात काही बिघडत नाही, तेव्हा रस्ता बदलायला भरपूर वाव असतो.

म्हणून माझा आग्रह असा की एक पुस्तक हातात पेन्सिल घेऊन सोडवायचं असावं आणि एक आडवं पडून वाचायचं. एका वेळी एवढी दोनच. तुझ्या यादीत दुसऱ्या प्रकारची जास्त आहेत आणि पहिल्या प्रकारची जी आहेत ती तुझ्या आत्ताच्या तयारीच्या बरीच पुढची आहेत. मधला टप्पा रिकामा राहिला आहे.

तो टप्पा भरायला एच. सी. वर्मांच्या ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’चे दोन खंड पुरेसे आहेत. १९९२ पासून हे पुस्तक आपल्याकडे बारावीच्या मुलांच्या हातात आहे, तुझ्या कॉलेजात कुणाकडे तरी असणारच. पण मुलं ते ज्या पद्धतीने वापरतात, ती मला पटत नाही. प्रकरण चाळायचं आणि थेट मागच्या गणितांवर उडी मारायची, उत्तर जुळलं की पुढे. गणितांच्या आधी ‘क्वेश्चन्स फॉर शॉर्ट आन्सर’ नावाचा भाग असतो. त्यात आकडे जवळजवळ नसतात, म्हणून क्लासमध्येही तो वगळला जातो. तू तिथून सुरुवात कर. एकेका प्रश्नाचं उत्तर वहीत तीन-चार ओळींत लिही, मराठीत लिहिलंस तरी चालेल. लिहिताना जिथे हात थांबेल तिथे तुला तो भाग कळलेला नाही, इतकं साधं आहे. याच पुस्तकात न्यूटनच्या नियमांच्या आधी बलांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. दोरीतला ताण, पृष्ठभागाचा दाब, घर्षण ही सगळी मुळात अणूंमधल्या विद्युतचुंबकीय बलाचीच रूपं, हे त्यात आधी सांगितलेलं आहे. परीक्षेत त्यावर फारसं येत नाही म्हणून ते वाचायचं राहतं. ते वाच. घर्षण नेहमी गतीच्या विरुद्धच असतं असा समज घेऊन आलेल्या मुलांना, आपण चालताना जमीन आपल्याला पुढे कशी ढकलते हे समजावण्यात माझे तासच्या तास जातात.

सोडवायचं म्हणजे काय, याचं एक उदाहरण देते. माझ्या वर्गात मी विचारते: दगड सरळ वर फेकला, हवेचा विरोध धरायचा, तर वर जायला जास्त वेळ लागेल की खाली यायला? बहुतेक मुलं लगेच समीकरण मांडायला घेतात आणि अडकतात, कारण विरोध वेगावर कसा अवलंबून आहे हे दिलेलंच नाही. आता समीकरण बाजूला ठेवून बघ. दगड वर जाताना एका ठराविक उंचीवरून जातो आणि परतताना पुन्हा त्याच उंचीवरून जातो. स्थितिज ऊर्जा दोन्ही वेळी तितकीच. मधल्या काळात हवेने थोडी ऊर्जा खाल्लेली आहे, म्हणजे परतताना गतिज ऊर्जा कमी, म्हणजे वेगही कमी. हे प्रत्येक उंचीला खरं आहे. तेच अंतर प्रत्येक ठिकाणी कमी वेगाने कापायचं तर खाली यायला जास्त वेळ लागणार. विरोधाचं सूत्र काहीही असो, उत्तर बदलत नाही. हे वाचताना तुला जर छान वाटलं असेल, पुन्हा एकदा मनाशी जुळवून बघावंसं वाटलं असेल, तर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुला मिळालं.

अशा एखाद्या प्रश्नावर दोन-तीन दिवस गेले तर जाऊ देत. जयंत नारळीकरांनी आपल्या आत्मचरित्रात लहानपणीची आठवण सांगितली आहे. त्यांचे मामा घरातल्या फळ्यावर एखादं अवघड गणित लिहून ठेवायचे आणि छोट्या जयंतने ते सोडवायच्या मागे लागायचं. मला ती पद्धत फार आवडते. एखादा न सुटलेला प्रश्न भिंतीवर चिकटवून ठेव. परीक्षेच्या तयारीत दीड-दोन मिनिटांत प्रश्न उडवायची सवय लागते, ती परीक्षेपुरती लागतेच. पण एका प्रश्नाजवळ थांबून राहायची सवय वेगळी, आणि पदवीला गेल्यावर हीच उपयोगी पडते.

आता गणित. पहिल्या सत्रात मुलं मागे पडतात ती बहुतेक वेळा भौतिकशास्त्रामुळे नाही, कलनशास्त्र हातात बसलेलं नसतं म्हणून. अवकलन-समाकलनाची सूत्रं पाठ असतात, पण ‘या पट्टीचा एवढासा तुकडा घे, त्याचं वस्तुमान लिही, आणि सगळे तुकडे बेरजेत आण’ असं म्हटलं की पेन थांबतं. यासाठी सिल्व्हेनस थॉम्प्सन यांचं ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ वाच. १९१० सालचं आहे, पुस्तक जुनं म्हणून बिचकू नकोस. स्वामित्व हक्क संपल्यामुळे ते इंटरनेटवर मोफत आणि रीतसर मिळतं. प्रकरणं छोटी आहेत आणि लेखक वाचकाची भीती घालवण्यासाठीच लिहायला बसलेला आहे. त्यातली पहिली काही प्रकरणं झाली की तुझ्या पाठ्यपुस्तकातलं समाकलन एकदम ओळखीचं वाटायला लागेल. चौदा पुस्तकांच्या यादीत गणिताचं एकही नाही, आणि मला तुझ्या यादीत सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

फाइनमन यांच्या व्याख्यानांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण प्रत्येक यादीत ती असतात आणि सुरुवात करून सोडून देणारेही सगळ्यात जास्त तिथेच सापडतात. ही व्याख्यानं १९६१ ते १९६३ या दोन वर्षांत अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी दिलेली. तीनही खंड आता कॅलटेकच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, तेव्हा विकत घ्यायची गरज नाही. मात्र ती सलग वाचायची नाहीत आणि पाठ्यपुस्तक म्हणूनही नाहीत, कारण सोडवायची उदाहरणं त्या खंडांत नाहीत. पहिल्या खंडातलं पहिलं प्रकरण, अणूंच्या हालचालीवरचं, आजच वाच. मग चौथं, ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचं. एका मुलाकडे २८ ठोकळे आहेत, आई रोज संध्याकाळी ते मोजते, आणि एखादा कमी भरला की तो खिडकीबाहेर, पेटीत किंवा गढूळ पाण्यात कुठे दडला असेल त्याचा हिशोब लावते, अशी गोष्ट त्यात आहे. आणि मग फाइनमन सांगतात की निसर्गात हे ठोकळे मुळी दिसतच नाहीत, नुसता हिशोब तेवढा जुळतो. ऊर्जा म्हणजे नक्की काय, हे आपल्याला माहीत नाही, हे इतक्या प्रामाणिकपणे सांगणारं पान मी बारावीच्या मुलांना दरवर्षी वाचून दाखवते. त्यानंतर सव्विसावं, प्रकाश कमीत कमी वेळेचा मार्ग घेतो त्यावरचं. बाविसावं बीजगणितावरचं आहे, ते थॉम्प्सन वाचून झाल्यावर घे. यापुढचं पहिल्या-दुसऱ्या वर्षाला, आणि तेव्हा ते आत्तापेक्षा खूप जास्त आवडेल.

आडवं पडून वाचायच्या पुस्तकांना मी कमी लेखत नाही. माझ्या ओळखीतली कितीतरी माणसं या विषयात आली ती अशाच एखाद्या पुस्तकामुळे. नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ तुझ्या गावच्या वाचनालयात मिळण्याची शक्यता चांगली आहे, खगोलशास्त्र मराठीत इतकं स्वच्छ मांडलेलं फार कमी ठिकाणी सापडेल. पेरेलमन यांचं ‘फिजिक्स फॉर एंटरटेनमेंट’ रोजच्या गोष्टींतले प्रश्न घेतं. हॉकिंग वाचायचं असेल तर जरूर वाच. फक्त एक कर. अशा पुस्तकातली एखादी गोष्ट उचलून तिच्यावर आपल्याला येणारं गणित लावून बघ.

म्हणजे कसं? पुस्तकात लिहिलेलं असतं की कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही. तुला मुक्तिवेगाचं सूत्र येतं: वेगाचा वर्ग म्हणजे २ जीएम भागिले आर (जी म्हणजे गुरुत्व स्थिरांक, एम वस्तुमान, आर त्रिज्या). त्यात वेगाच्या जागी प्रकाशाचा वेग घाल आणि आर काढ. सूर्याचं वस्तुमान २ गुणिले १० चा ३० वा घात किलोग्रॅम धरलंस तर त्रिज्या येते सुमारे ३ किलोमीटर, पृथ्वीसाठी सुमारे ९ मिलिमीटर. प्रकाशही सुटणार नाही इतका जड तारा असू शकेल, हा विचार जॉन मिशेल या इंग्रज धर्मगुरूने १७८३ मध्ये असाच न्यूटनच्या नियमांवरून मांडला होता. आता पुढचा प्रश्न तुझ्याच डोक्यात यायला हवा: प्रकाशाला वस्तुमान नाही, मग हे सूत्र लावायचा मला अधिकार काय? नाहीच. आइनस्टाइनच्या सिद्धांतातूनही त्रिज्या हीच येते, पण हा योगायोग आहे, आणि का ते समजायला सापेक्षता शिकावी लागेल. शिकायची भूक अशी लागावी. नुसतं वाचून ‘कसलं भारी’ वाटणं आठवडाभरात विरून जातं.

आत्ता बाजूला ठेवायची पुस्तकंही सांगते. ग्रिफिथ्सचं पुस्तक उत्तम आहे, पण पहिल्याच विभागात श्रोडिंगरचं समीकरण येतं. संमिश्र संख्या, विकलक समीकरणं आणि रेषीय बीजगणित यांच्याशी ओळख झाल्याशिवाय त्यातून फक्त धास्ती मिळेल. इरोडोव्हमध्ये सुमारे १९०० गणितं आहेत आणि ती सुंदर आहेत, पण समजावून सांगण्याचं काम ते पुस्तक करत नाही. मुलांमध्ये ते प्रतिष्ठेचं झालं आहे, म्हणून खूप जण अकरावीतच घेतात आणि स्वतःला कमी समजायला लागतात. वर्मांमधलं एखादं प्रकरण पूर्ण झालं की त्या विषयावरची इरोडोव्हमधली थोडी गणितं करून बघ, तेवढं पुरे. क्लेपनर आणि कोलेनकोव्ह यांचं यामिकीचं (मेकॅनिक्सचं) पुस्तक तुझ्या यादीत नाही. परीक्षा संपल्यावर कॉलेज सुरू होईपर्यंतची जी सुट्टी असते, तिच्यासाठी मी ते सुचवेन. शाळेतली यामिकी आणि विद्यापीठातली यामिकी यांच्यातली दरी त्यात छान सांधली आहे.

नवीन पुस्तक हातात आलं की ते आपल्यासाठी आहे का हे कसं ओळखायचं? मी मुलांना सांगते, तुला चांगला येतो असं वाटणारा एखादा विषय त्यात उघड, घर्षण घे किंवा दोलक घे. सोडवलेलं एक उदाहरण बघ आणि उत्तर हाताने झाकून स्वतः कर. सहज सुटलं आणि वाचूनही नवं काही कळलं नाही, तर पुस्तक तुझ्या मागे आहे. उत्तर वाचूनही दर दुसऱ्या ओळीला अडत असशील तर ते अजून पुढचं आहे. अडलीस, पण उत्तर वाचल्यावर ‘अरे, हे मला सुचायला हवं होतं’ असं वाटलं, तर घे ते पुस्तक. मराठी माध्यमातून आल्यामुळे इंग्रजी पानाला जास्त वेळ लागतो, त्याची काळजी करू नकोस. या विषयाचं इंग्रजी ठराविक शब्दांचं असतं, दोन-तीन महिन्यांत हाताखालचं होतं. तोवर एनसीईआरटीची पुस्तकं जवळ ठेव, ती सोप्या इंग्रजीत आहेत, संकेतस्थळावर मोफत आहेत आणि आयसरच्या परीक्षेलाही तीच धरून चालायचं असतं.

खर्चाचंही सांगते. पुण्यात आलीस तर अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं बघ, मुंबईत फोर्टमध्ये फाउंटनच्या आसपास. हॅलिडे-रेस्निकचं जाडजूड पाठ्यपुस्तक घ्यायचंच असेल तर जुनी आवृत्ती बिनदिक्कत घे, त्या पातळीचं भौतिकशास्त्र बदललेलं नाही. भौतिकशास्त्राच्या ऑलिम्पियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर उत्तरांसकट आहेत. स्पर्धेत उतरायचं नसलं तरी त्यातला एकेक प्रश्न म्हणजे आठवडाभराची मेजवानी. आणि नुसतं कागदावर राहू नकोस. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप फोनमधले संवेदक वापरून त्वरण, आवाज, चुंबकीय क्षेत्र मोजतं. फोनचा झोपाळा करून लांबी बदलत जा आणि गुरुत्व त्वरणाची, म्हणजे लहान लिपीतल्या ‘जी’ची, किंमत काढ. ९.८ का येत नाही, याचा शोध घेताना जे शिकशील ते कुठल्याच पुस्तकात आयतं मिळणार नाही.

परदेशी अर्ज करायचा विचार असेल तर चित्र थोडं वेगळं आहे. ब्रिटनमध्ये अर्जासोबत स्वतःबद्दल लिहून द्यावं लागतं, आणि हाच विषय का, शाळेबाहेर काय केलंस, हे त्यात येतं. तिथे पुस्तकांचा उल्लेख चालतो, पण नुसत्या नावांना वजन नसतं. अमुक प्रश्न पडला, त्यावर असं करून बघितलं, इथे अडलं, असं लिहिलं तर वाचणारा थांबतो. केंब्रिज विद्यापीठाने चालवलेला ‘आयझॅक’ हा प्रश्नांचा खजिना सगळ्यांना मोफत खुला आहे, तो अर्ज न करणाऱ्यांनीही वापरावा. आपल्याकडेही काही संस्था मुलाखत घेतात. आमच्या समितीत उमेदवाराने पुस्तकाचं नाव घेतलं की आम्ही त्यातलंच एखादं साधं काहीतरी विचारायचो. एका मुलाने बरीच मोठी नावं सांगितली आणि कशावरच दोन वाक्यं बोलता आली नाहीत. दुसरी मुलगी फक्त पाठ्यपुस्तक आणि सायकलच्या डायनॅमोबद्दल बोलली: वेग वाढवला की दिवा प्रखर का होतो आणि पायडल जड का लागतं. आमचा वेळ संपला तरी तिचं बोलणं संपलं नव्हतं, आणि कुणाला निवडायचं यावर चर्चा करावी लागली नाही.

थोडक्यात या वर्षाचा क्रम असा धर. दिवाळीपर्यंत वर्मांचा पहिला खंड वर सांगितलेल्या पद्धतीने आणि जोडीला थॉम्प्सन. रविवारी फाइनमनमधलं एखादं प्रकरण किंवा नारळीकर. दिवाळीनंतर दुसरा खंड. जानेवारीपासून परीक्षा होईपर्यंत जुन्या प्रश्नपत्रिका आणि पाठ्यपुस्तकं, नवीन काही नाही. मग सुट्टीत क्लेपनर.

आता वडील. ते चुकीचं सांगत नाहीत. एच. सी. वर्मा हे जेईई करणाऱ्यांचंही पुस्तक आहे, त्यामुळे निम्म्याहून जास्त वाट तुमची दोघांची एकच आहे, हे त्यांना दाखव. त्यांची खरी चिंता बहुधा पुस्तकांची नसणार, भौतिकशास्त्र करून पोरीचं पुढे काय होणार ही असेल, आणि ती चिंता रास्त आहे. त्यावर वाद घालू नकोस, माहिती दे. बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात येणाऱ्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलांसाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८० हजार रुपयांपर्यंतची. त्या वर्षीच्या अटी दोघं मिळून वाचा. आयसर पुण्यातच आहे, एकदा त्यांना घेऊन ये, आवार बघा, तिथल्या मुलांशी बोला, पुढे कोण कुठे गेलं ते विचारा. आयसरची परीक्षा आणि नायसरची ‘नेस्ट’ ही परीक्षा, दोन्हींच्या अर्जांच्या तारखा वेगवेगळ्या असतात आणि बोर्डाच्या परीक्षेच्या धामधुमीत त्या सहज निसटतात. ते काम वडिलांवर सोपव. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र, यातलं जे लागू असेल ते ठरलेल्या नमुन्यात लागतं आणि सरकारी कार्यालयातून मिळायला वेळ जातो, म्हणून त्या वर्षीच्या अटी बघून वेळेत अर्ज टाकायला सांग.